नाव बदलले म्हणून माणूस लपत नाही

प्रश्न : मी समाजशास्त्र विभागात पीएच.डी. करते आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांचा थकवा आणि त्या थकव्यातून होणाऱ्या चुका हा माझा विषय आहे. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीकडे अर्ज करण्यापूर्वी मानवी सहभागींवरील संशोधनाची नीती आणि माहितीची गोपनीयता यांविषयीचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे मला आत्ता कळले. माझे मार्गदर्शक म्हणतात, ती केवळ औपचारिकता आहे. आधीच्या एका विद्यार्थ्याने प्रश्नांची उत्तरे उतरवून ठेवली आहेत, ती घे आणि एका दुपारी उरकून टाक. मी दोन धडे पाहिले. त्यांत सिफिलिसचे प्रयोग आणि कैद्यांवरचे अत्याचार एवढेच होते. मी कोणाला सुई टोचणार नाही, फक्त बोलणार आहे आणि सगळ्यांची नावेही बदलणार आहे. मात्र एक गोष्ट सतावते. मंजुरी आधी घ्यावी लागते हे ठाऊक नसल्यामुळे मी 5 मुलाखती घेऊन बसले आहे. रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. त्यांतल्या दोन मुलाखती टंकलेखनासाठी मैत्रिणीला पाठवल्या आहेत. परवा एका परिचारिकेचा निरोप आला, "त्या रात्रीच्या औषधाबद्दल मी जे बोलले, ते कुठे जाणार नाही ना?" मी "नाही" असे कळवले. प्रशिक्षणासाठी खरोखर वेळ काढावा का, आणि या 5 मुलाखतींचे काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही प्रशिक्षणाचा प्रश्न आधी विचारला आहे, पण मला सुरुवात तुम्ही कळवलेल्या त्या "नाही"पासून करावीशी वाटते. तो शब्द लिहिताना तुमच्या मनात खोट नव्हती, याविषयी मला शंका नाही. तरीही तिची मुलाखत त्या क्षणी कुठे कुठे होती, हे एकदा कागदावर लिहून पाहा. एक प्रत तुमच्या फोनमध्ये. फोनची स्वयंचलित साठवण चालू असेल, आणि बहुतेकांची ती चालूच असते, तर दुसरी क्लाउडवर. तिची मुलाखत मैत्रिणीकडे पाठवलेल्या दोनांपैकी असेल, तर तिसरी मैत्रिणीच्या फोनमध्ये, चौथी तिच्या क्लाउडवर आणि टंकलेखनासाठी तिने ती संगणकावर उतरवून घेतली असेल, तर पाचवी तिथे. तो संगणक घरात आणखी कोण वापरते, हे तुम्हाला ठाऊक नाही. यांपैकी किती प्रती तुम्ही आज संध्याकाळपर्यंत पुसू शकाल? जे आपल्या हातात नाही त्याची हमी तुम्ही देऊन बसलात, आणि ज्या प्रशिक्षणाला तुमचे मार्गदर्शक औपचारिकता म्हणतात, ते चांगले बांधलेले असेल तर नेमके हेच शिकवते : सहभागी व्यक्तीला शब्द देण्याआधी तो आपल्याला पाळता येईल का, हे तपासणे.

"चांगले बांधलेले असेल तर" हे शब्द मी जाणूनबुजून घातले आहेत, कारण तुमची तक्रार अगदी निराधार नाही. यांतले अनेक अभ्यासक्रम वैद्यकीय संशोधन डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले. मुलाखती, प्रश्नावली, निरीक्षण, समाजमाध्यमांवरील मजकूर यांसाठीचे धडे पुष्कळ ठिकाणी नंतर जोडले गेले आणि ते जोडल्यासारखेच दिसतात. शेवटी चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, आणि सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो हे दोन चाचण्यांनंतर कोणाच्याही लक्षात येते. मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या नीतिसमितीवर काम केले. एका अर्जाला शंभर टक्के गुणांचे प्रमाणपत्र जोडलेले होते. संमतिपत्रात "आपली माहिती संपूर्णपणे गोपनीय राहील" असे वाक्य होते, आणि कार्यपद्धतीच्या पानावर "ध्वनिमुद्रणे विभागातील विद्यार्थ्यांना सरावासाठी उपलब्ध करून दिली जातील" असे होते. दोन्ही पाने एकाच व्यक्तीने लिहिलेली होती आणि तिला त्यांत विसंगती दिसली नव्हती. उतरवलेली उत्तरे घेऊन प्रशिक्षण उरकणारा माणूस समितीच्या डोळ्यांत धूळ फेकतो असे मला वाटत नाही. अर्ज वाचताना ते बहुधा कळतेच. नुकसान त्याचेच होते, कारण तो पुढे मुलाखतीला बसतो तेव्हा त्याच्या हाताशी काहीच नसते.

आता त्या सिफिलिसच्या धड्याविषयी. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील टस्कीगी येथे 1932 मध्ये सुरू केलेला तो अभ्यास 40 वर्षे चालला. त्यात सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुष होते; 399 जणांना सिफिलिस होता, 201 जणांना नव्हता. त्यांना आजाराचे नाव सांगितले नव्हते, "रक्त खराब आहे" एवढेच सांगितले होते. पाठीच्या कण्यातून द्रव काढण्याच्या वेदनादायक तपासणीसाठी त्यांना बोलावणारे जे पत्र गेले, त्यात तिला विशेष मोफत उपचार म्हटले होते. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनिसिलीन हा सिफिलिसवरचा मान्य उपचार झाला, तरी ते त्यांना दिले गेले नाही. हा धडा क्रौर्याची कथा म्हणून वाचला, तर "मी असे कधी करणार नाही" असे म्हणून आपण पुढे सरकतो, आणि तुम्ही तेच केलेत. मला त्यातली वेगळी गोष्ट अधिक अस्वस्थ करते. हा अभ्यास लपवलेला नव्हता. 1936पासून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते आणि वाचक, संपादक, वरिष्ठ, सगळे ते वाचत होते. आरोग्य सेवेतल्याच पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने 1966 मध्ये लेखी आक्षेप घेतला, तरी अभ्यास थांबला तो 1972 मध्ये, वृत्तपत्रांत बातमी आल्यावर. इतकी वर्षे इतक्या शिकलेल्या माणसांना विचारावेसे वाटले नाही, याचे कारण प्रत्येकाला ते आपल्या कामाचा नेहमीचा भाग वाटत होते. मैत्रिणीला रेकॉर्डिंग पाठवणे तुम्हालाही नेहमीचेच वाटले. दोन्हींची तुलना मी करत नाही, प्रमाण फार वेगळे आहे. पण डोळ्यांना सवय होण्याची प्रक्रिया एकच आहे.

"फक्त बोलणार आहे" या शब्दांबाबत मात्र मी तुमच्याशी स्पष्ट असहमत आहे. 1960च्या दशकात लॉड हम्फ्रीज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांमध्ये होणाऱ्या लैंगिक भेटींचा अभ्यास केला. त्याने त्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपले, त्यांवरून नावे आणि पत्ते मिळवले आणि साधारण वर्षभराने वेश बदलून, आरोग्यविषयक पाहणीचा प्रतिनिधी म्हणून, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. कोणालाही सुई टोचली नाही. परंतु त्या काळी तिथे ते वर्तन गुन्हा होते. यादी चुकीच्या हाती पडली असती, तर नोकरी, कुटुंब आणि स्वातंत्र्य तिन्ही गेले असते. त्याची सहानुभूती त्या पुरुषांकडेच होती आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज दूर व्हावेत म्हणूनच तो लिहीत होता, हेही नमूद करायला हवे. समाजशास्त्रात इजा करणारी वस्तू ही बहुतेक वेळा माहितीच असते. तुमच्या बाबतीत ती "त्या रात्रीच्या औषधा"ची माहिती आहे.

टस्कीगीच्या गौप्यस्फोटानंतर अमेरिकेत 1974 मध्ये कायदा झाला, आणि त्याखाली नेमलेल्या आयोगाच्या बेलमाँट अहवालाने 1979 मध्ये व्यक्तीचा आदर, हितकारिता (म्हणजे सहभागीचे भले पाहणे आणि इजा टाळणे) आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. ती तुमच्या प्रशिक्षणात असतीलच, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

नावे बदलण्याच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे, कारण तुमचा सगळा भरवसा त्यावरच आहे. 1990च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी, नाव आणि पत्ता काढून, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवून, संशोधनासाठी खुल्या केल्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहत होते. त्यांची जन्मतारीख असलेले यादीत 6 जण होते, त्यांपैकी पुरुष 3, आणि त्या तिघांत त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा प्रकारे स्वीनींच्या हाती आल्या. पुढे 1990च्या जनगणनेवरून त्यांनी अंदाज बांधला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतील 87 टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे. 2006 मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने 2000च्या जनगणनेवरून तोच हिशोब केला, तेव्हा तो आकडा 63 टक्क्यांच्या आसपास आला. यांतला कोणताही आकडा धरा, नाव खोडणे हे काम पुरे झाल्याचे लक्षण नाही, हे त्यातून दिसतेच. युरोपात 2018पासून लागू असलेला माहिती-संरक्षणाचा कायदाही टोपणनावाखाली ठेवलेल्या पण मूळ व्यक्तीशी पुन्हा जोडता येणाऱ्या माहितीला वैयक्तिक माहितीच मानतो, निनावी मानत नाही.

आणि तुमच्या बाबतीत तर मतदारयादीचीही गरज नाही. समजा, तुमच्या प्रबंधात असे वाक्य आले : "नवजात अतिदक्षता विभागात 22 वर्षे काम केलेले एक पुरुष परिचारक सांगतात, की पहाटे चारच्या सुमारास लेबल वाचताना अक्षरे हलू लागतात." नाव बदललेले आहे, रुग्णालयाचा उल्लेख नाही. पण त्या विभागात पुरुष परिचारक एकच असेल, तर त्या रुग्णालयातल्या प्रत्येकाला हे वाक्य कोणाचे आहे हे पहिल्या दहा शब्दांतच कळेल, आणि ज्यांच्यापासून त्याला धोका आहे ते नेमके त्याच इमारतीत बसलेले असतात. गोपनीयतेचा विचार करताना आपण दूरच्या अनोळखी वाचकाची कल्पना करतो. खरा वाचक शेजारच्या टेबलावरचा असतो. म्हणून उतारा निवडून झाल्यावर स्वतःला विचारायचे, की हा त्याच्या पाळीतल्या सहकाऱ्याने वाचला तर काय होईल. उत्तर वाईट असेल, तर "एका विशेष विभागातील अनुभवी कर्मचारी" एवढे पुरेसे आहे का, हे पाहावे. 22 वर्षांऐवजी "20 वर्षांहून अधिक" लिहून चालते का, ते पाहावे. कधी एकाच व्यक्तीची उद्धृते वेगवेगळ्या सांकेतिक नावांखाली विखरून टाकावी लागतात. मात्र तुमचे विश्लेषण ज्या तपशिलावर उभे आहे तो बदलू नये. थकव्याचा संबंध पाळीच्या लांबीशी आहे असे तुमचे म्हणणे असेल आणि ओळख लपवण्यासाठी तुम्ही पाळीचे तासच बदललेत, तर तो प्रबंध राहत नाही. अशा ठिकाणी तो उतारा गाळणे अधिक प्रामाणिकपणाचे असते. ज्या रुग्णाचा किंवा डॉक्टरचा उल्लेख मुलाखतीत सहज येऊन जातो, त्यांनी तर तुम्हाला संमती दिलेलीच नसते. त्यांच्या खुणा प्रतिलेखातच, म्हणजे मुलाखतीच्या टंकलिखित मजकुरातच, काढून टाकाव्यात.

संमतिपत्रात "संपूर्ण गोपनीय" हे शब्द लिहू नका. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्या संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती बोस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात 2001 ते 2006 या काळात घेतल्या गेल्या, आणि त्या बोलणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत उघड होणार नाहीत असे सांगितले गेले होते. 2011 मध्ये ब्रिटिश यंत्रणांच्या विनंतीवरून अमेरिकेत त्या ध्वनिफितींसाठी समन्स निघाले आणि न्यायालयीन लढाईनंतर काही मुलाखती सुपूर्द कराव्या लागल्या. ज्या मुलाखतकारांनी शब्द दिला होता त्यांना तो पाळायचाच होता; तो पाळणे त्यांच्या हातात नव्हते. तुमचा विषय औषधांच्या चुकांचा आहे. उद्या एखाद्या रुग्णाच्या कुटुंबाने दावा लावला आणि तुमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे हे कोणाला कळले, तर काय होईल, हे तुम्ही विद्यापीठाच्या विधी विभागाला आजच विचारून ठेवायला हवे. संमतिपत्रात साध्या भाषेत लिहा : मी माहिती कोणाला देणार नाही, मात्र न्यायालयाचा आदेश आला तर ती द्यावी लागू शकते, त्यामुळे ठरावीक घटनेचा दिनांक, रुग्णाचे नाव किंवा औषधाचे नाव सांगू नये. हे वाचून काही जणी कमी बोलतील. बोलू द्या. तसेच, आज चालू असलेला आणि रुग्णांच्या जिवावर बेतणारा धोका एखादीने सांगितला, तर तुम्ही काय कराल, हेही अर्जात आधी ठरवून लिहा आणि तिला मुलाखतीपूर्वीच सांगा. मुलाखत चालू असताना हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

साठवणुकीबाबत थोडक्यात. फोनऐवजी स्वतंत्र रेकॉर्डर वापरा, आणि फोनच वापरावा लागला तर क्लाउडची स्वयंचलित जोडणी आधी बंद करा. ध्वनिफिती विद्यापीठाच्या सुरक्षित सर्व्हरवर किंवा एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवा. सांकेतिक क्रमांक आणि खरी नावे जोडणारी यादी त्याच डिस्कवर ठेवू नका; असे करणारे लोक कुलपाला किल्ली लटकवून ठेवणाऱ्यांसारखे आहेत आणि ते फार आहेत. आवाज आपोआप टंकलिखित करून देणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे फाइल पाठवणे म्हणजे ती तिसऱ्याला देणेच आहे, तेव्हा समितीची परवानगी असल्याशिवाय ते करू नका. टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीकडून, ती मैत्रीण असली तरी, गोपनीयतेचा लेखी करार घ्या आणि तिचा उल्लेख संमतिपत्रात असू द्या. ध्वनिफिती कधी पुसणार, ती तारीखही लिहा.

आता त्या 5 मुलाखती. पुढची मुलाखत ठरली असेल तर ती रद्द करा. आहेत त्या घाबरून पुसून टाकू नका. पुसणे हाही एक निर्णय आहे आणि तो तुम्ही एकटीने घ्यायचा नाही. त्या सुरक्षित जागी हलवा, मैत्रिणीकडच्या आणि क्लाउडवरच्या प्रती काढायला लावा, तिने त्या काढल्याचे लेखी घ्या, आणि या सगळ्याची तारखेनुसार नोंद ठेवा. त्यानंतर समितीच्या सचिवांना स्वतःहून पत्र लिहा : काय घडले, किती मुलाखती, कोणत्या तारखांना, त्यांना काय सांगितले होते, प्रती कुठे गेल्या. बहुतेक समित्या पूर्वलक्षी मंजुरी देत नाहीत, म्हणून या मुलाखती प्रबंधात वापरता येणार नाहीत असे गृहीत धरूनच पुढचा विचार करा. काही समित्या त्याच व्यक्तींना पुन्हा भेटून, नव्या संमतीने, नव्याने मुलाखत घेऊ देतात. काही तेही देत नाहीत. पाच संध्याकाळींची मेहनत जाईल. तारखा पुढे ढकलून त्या "मंजुरीनंतरच्या" म्हणून दाखवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो ऐकलात, तर आज जी चूक कबूल करता येण्यासारखी आहे, ती उद्या गैरवर्तन होईल. शोधनिबंध पाठवताना नियतकालिके मंजुरीचा क्रमांक आणि दिनांक मागतात, आणि त्या परिचारिकांनाही मुलाखत कधी झाली ते आठवत असते.

मार्गदर्शकांशी वाद घालू नका, पण हे पत्र त्यांना न दाखवता समितीकडे जाऊ नये. "सर, माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि अर्जावर आपलीही सही असणार आहे" एवढे म्हणालात, की प्रशिक्षण औपचारिक आहे की नाही याविषयी ते स्वतःच पुन्हा विचार करतील. त्यांच्या काळात समित्या ढिल्या होत्या आणि मुलाखत वहीत असायची; वही कपाटात ठेवली की काम संपत असे. त्यांचा सल्ला त्या कपाटाच्या अनुभवातून आलेला आहे.

प्रशिक्षण मात्र स्वतः करा, आणि एका दुपारी नव्हे. प्रत्येक धड्यानंतर आपल्या अर्जातला संबंधित परिच्छेद उघडा आणि त्यात काय बदलते ते पाहा. सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचा वेगळा संच उपलब्ध असेल, तर मूलभूत धड्यांबरोबर तो निवडा. संमती, ओळख पटण्याचा धोका आणि नोकरीच्या ठिकाणी दबावाखाली असलेले सहभागी या तीन धड्यांवर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवा, कारण वरिष्ठ परिचारिकेने "जा, बोल त्यांच्याशी" असे सांगून पाठवलेल्या परिचारिकेची संमती ही किती संमती आहे, हा प्रश्न तुमच्यापुढे पहिल्याच आठवड्यात येईल.

राहिली ती निरोप पाठवणारी. समितीच्या उत्तराची वाट न पाहता तिला आजच फोन करा; लिहू नका, कारण लिहिलेला निरोप हीसुद्धा एक प्रतच असते. तिला सांगा, की घाईत मी "नाही" म्हटले, ते मला तपासून सांगायला हवे होते. तुमचे बोलणे या या ठिकाणी गेले होते, तिथून मी ते काढले आहे किंवा काढते आहे. सध्या ते अमुक ठिकाणी बंद आहे आणि मी ते कशातही वापरलेले नाही. ती रागावेल किंवा गप्प राहील. मग तिला विचारा, की तो भाग, किंवा सगळी मुलाखतच, मागे घ्यायची आहे का. ती हो म्हणाली तर कारण विचारू नका, आणि तिचे हे म्हणणे समितीला लिहिलेल्या पत्रात तारखेसह नोंदवा.